बाजूवाल्याचा पाय

गाडीतून कर्र कर्र आवाज यायला लागला, तेव्हा मी रेडिओ मोठा केला. हा माझा पहिला उपाय. पोळ्याच्या सुमारास आवाज बारीक होता, एखादं जुनं गाणं पुरायचं. दिवाळीपर्यंत चर्चा लावाव्या लागल्या, कारण चर्चेत चारपाच जण एकदम बोलतात. संक्रांत आली तोवर रेडिओचं बटण पुढे फिरायचंच थांबलं आणि मला वाटलं, रेडिओ बिघडला.

बायको बाजूला बसून सांगत होती. "अहो, हे चाकातून येऊन राहिलं." मी म्हणायचो, "धूळ गेली असेल." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सांगायची, मी पुन्हा बटण फिरवायचो. मी शाळेत हिंदी शिकवतो. वर्गात गडबड झाली तर आपण त्याहून मोठ्यानं शिकवायचं, ही माझी जुनी पद्धत. गाडीलाही तीच लावली, इतकंच.

आमचं घर सौंसरला आणि पोट पांढुर्ण्याला. दोन्ही मध्य प्रदेशातली, नागपूरच्या अंगाची, मराठी बोलणारी गावं. माझी शाळा तिथे, आणि पांढुर्णा जिल्हा झाल्यावर बायकोची बदलीही तिथल्या नव्या कार्यालयात झाली. पांढुर्ण्यात खोली घ्यावी असं दोघांनाही वाटतं, पण आई सौंसर सोडत नाही आणि आम्ही आईला सोडत नाही. मग रोज अपडाउन. आमच्या भागात माणसाला 'काय करता' असं विचारलं तर तो नोकरी सांगायच्या आधी 'अपडाउन करतो' असं सांगतो. सकाळी डबे भरायचे, गाडीत बसायचं, तास-दीड तास समोर बघायचं. संध्याकाळी तेच उलटं. या प्रवासात नवराबायकोचं बोलणं हळूहळू कमी होतं. भांडण नसतं. दमलेलं असतं सगळं.

तर त्या जानेवारीत, पांढुर्ण्याच्या बाजारातून जाताना समोर संत्र्याचा हातठेला आला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण जिथे थांबायला हवी होती तिथून दोन हात पुढे, म्हणजे ठेल्याला लागून. फार काही झालं नाही. एक क्रेट आडवा झाला आणि संत्री रस्त्यावर घरंगळली. रेडिओवर कोणीतरी शेअरबाजाराबद्दल ओरडून सांगत होतं.

बायको उतरली. ठेलेवाल्याच्या जोडीनं तिनं रस्त्यावरची सगळी संत्री वेचली, पदरानं पुसली आणि क्रेटमध्ये भरली. मग गाडीतून स्वतःचा डबा घेतला आणि चालत ऑफिसला गेली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

संध्याकाळी ती बसनं घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी अर्धा तास निघाली, बसनंच. मी म्हटलं, "अगं, मी हळू चालवतो." ती चपला घालत म्हणाली, "ब्रेक गेलं त्याचं नाही काही. मी सांगून राहिली होती आणि तुम्ही गाणं मोठं केलं."

पुढचे चार दिवस मी एकटाच गाडी घेऊन जात होतो, बैलगाडीच्या वेगानं. तिसऱ्या दिवशी मागून बस आली आणि मला ओलांडून गेली. खिडकीत बायको होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल.

स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, "जिनिंगच्या मागं एक काकाजी हायेत, फक्त ब्रेकचं काम करते. त्यायच्याकडं जा. पण वहिनीले घेऊन जा." मला वाटलं, तो थट्टा करतोय. मी एकटाच गेलो, आणि जाताना वाटेत नवे ब्रेकपॅड घेऊन गेलो. आपल्याला थोडंफार कळतं हे दाखवायला.

काकाजींची शेड जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीला लागून, एका उताराच्या गल्लीत होती. वर टिनाचं छप्पर, आणि छप्पर वादळात उडू नये म्हणून त्यावर ठेवलेल्या ब्रेकच्या गंजलेल्या डिस्का, म्हणजे लोखंडी चकत्या. चाळीस-पन्नास तरी असतील. दुसरा माणूस दगड ठेवतो. काकाजी प्रत्येक डिस्क ओळखत. "ती कोपऱ्यातली संत्र्याच्या व्यापाऱ्याची. बाजूची शाळेच्या व्हॅनची. त्या दोन सारख्या दिसतेत ना, त्या दोन सख्ख्या भावायच्या हायेत, वाटणी झाली पण गाड्या एकाच दिवशी आणल्या."

सत्तरीच्या पुढचा माणूस. अंगानं लहान, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, चष्मा दोरीनं मानेला बांधलेला. मेकॅनिकचे हात म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतात तसे त्यांचे हात नव्हते. ते सारखे हात धुवायचे. नट ढिले केले की हात धुतले, चाक काढलं की हात धुतले. शेडच्या मागे रांजण होता, तिकडे त्यांची दिवसातून वीस-पंचवीस वेळा ये-जा व्हायची. "नव्या डिस्कले तेलाचा हात लागला तं ती पयल्या दिवसापासून घसरते," असं म्हणायचे. खरं असेलही. पण डिस्कच्या जवळपास काही काम नसतानाही ते धुवायचे.

मी "जयभीम काकाजी" म्हटलं, त्यांनी "जयभीम" म्हटलं आणि गाडीच्या चाकाकडे न बघता सरळ डावीकडचं दार उघडलं. बाजूच्या सीटपुढचं रबरी मॅट काढलं, झटकलं आणि उन्हासमोर धरलं.

"बाजूले कोन बसते?"

"बायको."

"आता कुठं हाय?"

"ऑफिसात. ती... सध्या बसनं येते."

"हं," काकाजी म्हणाले. मॅटवरच्या रेघा एका जागी पार घासून गेल्या होत्या आणि टाचेच्या जागी चवलीच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं. त्यातून उन्हाचा एक ठिपका काकाजींच्या शर्टावर पडला. चालवणाऱ्याच्या बाजूचं मॅट झिजतं, त्यात नवल नाही. पण ही बाजू तिची होती. तिथे ना ब्रेक, ना क्लच.

"ब्रेक थकले हाय, गुरुजी," ते म्हणाले. "लय दिवसापासून. ह्या ताई दाबून राहिल्या, आन तुमाले वाटून राहिलं का गाडी तुमीच थांबवता."

ब्रेक खराब झाला असं ते कधीच म्हणत नसत. थकला म्हणायचे. माणसाच्या बाबतीत मात्र खराब म्हणायचे.

ही त्यांची पद्धत होती. चालवणाऱ्याला ते काही विचारत नसत. त्याचं सांगणं सुरू झालं की ते हात धुवायला जात. पूर्वी ते बसच्या डेपोत फिटर होते. घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासायला बसमध्ये बसून जायचे. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ड्रायव्हर म्हणतो 'एकदम टाइट', आणि त्याच वेळी दाराशी उभ्या कंडक्टरचा उजवा पाय फळीवर दाबलेला असतो. "डायव्हर आपल्या इज्जतीसाठी बोलते. कंडक्टरच्या पायाले इज्जत नसते, तो दाबते." तेव्हापासून ते बाजूवाल्याचा पाय बघायला लागले. डेपो बंद झाला, शेड घातली, पण तपासणी तीच राहिली.

एकदा एक पुढारी मोठी गाडी घेऊन आले होते. ते मागे बसत. काकाजींनी मागचं मॅट पाहिलं, नवंकोरं. म्हणाले, "तुमच्यावरून काई समजणार नाई. मागं बसणारा झोपते." पुढारी हसून म्हणाले, "काकाजी, आमचा ड्रायव्हरवर विश्वास आहे." काकाजी म्हणाले, "विश्वास नाई साहेब. झोप हाय."

बंद पडलेली गाडी कोणी ढकलत आणली तर तिला आत घेत नसत. "ते तं थांबलीच हाय. मंग माह्याकडं काहून आणली?"

आणि पांढुर्ण्यातलेच एक बियाण्याचे दुकानदार होते, बायको वारलेली, मुलं बाहेर. त्यांच्या गाडीचं डावं मॅट कोरं होतं. काकाजींनी विचारलं, बाजूला कोण बसतं. ते म्हणाले, आता कोणी नाही. काकाजींनी मॅट परत जागेवर अंथरलं. मग म्हणाले, "मंग तुमचं कोन सांगन?" तेव्हापासून दर महिन्याला एकदा काकाजी हात धुऊन त्यांच्या बाजूला बसायचे आणि दोघं लोधीखेड्यापर्यंत जाऊन यायचे. ब्रेक तपासायला. हे मला त्या दुकानदारांनीच सांगितलं. म्हणाले, "ब्रेकला काही झालेलं नाही. पण मी नाही म्हणत नाही."

सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे काकाजींना गाडी चालवता येत नव्हती. सायकलीच्या पलीकडे काहीच नाही. मी विचारलं, शिकला का नाहीत. म्हणाले, "दोन्ही काम एकाच माणसानं केले तं तो आपल्याच बाजूनं बोलन."

असो. त्या दिवशी मी पिशवीतून नवे पॅड काढून पुढे केले. त्यांनी ते बघितले, "चांगले हाय," म्हणाले आणि फळीवर ठेवून दिले. मग चाक काढलं आणि जुन्या डिस्कच्या कडेवरून अंगठा फिरवला. मलाही फिरवायला लावला. कड वर उठलेली होती, बोटाला स्पष्ट लागत होती.

"काय हाय हे?"

"डिस्क."

"डिस्कले काठ नसते, गुरुजी. काठ ताटाले असते. पॅडचं मांस संपलं आन हाड घासून राहिलं, लोखंडावर लोखंड. याचं ताट झालं हाय. वरण वाढलं तं एक थेंब सांडणार नाई. याच्यावर तुमचे नवे पॅड बसवले तं पंधरा दिवसात त्याइचंबी तसंच होईन. डिस्का आना. दोन्ही बाजूच्या."

"आवाज तर एकाच बाजूनं येतो," मी म्हटलं.

"चप्पल एका पायाची घेता का?"

मग म्हणाले, "आन बाजूवालीले आना. त्यायच्याशिवाय मी गाडी सोडत नाई."

गाडी तिथेच ठेवली. डिस्का नागपूरहून यायला आठवडा लागला. तो आठवडा आम्ही दोघंही बसनं गेलो, एकाच बसनं. ती पुढे बायकांच्या सीटवर, मी मागे दांड्याला धरून. सौंसरहून पांढुर्ण्यापर्यंत मला तिचा अंबाडा दिसायचा. उतरल्यावर ती डावीकडे जायची, मी उजवीकडे. एके दिवशी मी म्हटलं, "काकाजींनी तुला बोलावलं आहे." ती म्हणाली, "मला? मी काय मिस्त्री आहे?" मी मॅटचं सांगणार होतो, पण तेवढ्यात तिच्या ऑफिसातली एक जण आली आणि दोघी निघून गेल्या. संध्याकाळी सांगू म्हटलं, तर संध्याकाळी ती बसमध्ये झोपली होती. तोंड किंचित उघडं पडलेलं, डबा मांडीवर. तिला उठवून मॅटची गोष्ट काय सांगायची.

डिस्का आल्या त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. काकाजींनी माझ्यादेखत काम केलं. मागच्या चाकांना दगड लावले. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट थोडे ढिले केले, मग जॅक. चाक निघालं. पॅड धरून ठेवणारा कॅलिपर सोडवला आणि तारेनं वर टांगला. मी म्हटलं, लोंबू द्या ना, दोन मिनिटांचं तर काम. "तो त्या नळीवर लटकते. नळीनं तेल वाहाचं का वजन वाहाचं? एकीकडून किती काम घेता?" हे त्यांनी नळीबद्दलच म्हटलं होतं, पण मला उगाच दुसरंच ऐकू गेलं.

जुनी डिस्क गंजून बसली होती. त्यांनी तेल सोडलं, हातोडीनं चारी बाजूंनी हलक्या हातानं ठोकत राहिले. घाई नाही. ती सुटली तेव्हा बाजूला न टाकता त्यांनी ती पुसून भिंतीला टेकवून ठेवली. आतली बैठक पॉलिश पेपरनं घासली. हात धुतले. नवी डिस्क पेट्रोलच्या फडक्यानं दोन्हीकडून पुसली. जुना पॅड मध्ये ठेवून क्लॅम्पसारख्या शिकंजानं पिस्टन आत दाबला, वर बाटलीत तेल चढतंय का ते बघितलं. नवे पॅड बसवले. मग दुसरी बाजू, तशीच, तितक्याच सावकाश. मी दोनदा जांभई दिली, तर म्हणाले, "झोप येऊन राहिली तं झोपा. तुमचं काम नंतर हाय."

चाकं चढली, जॅक निघाला. काकाजींनी दारातून वाकून ब्रेकचं पेडल हातानं दाबलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "खाली हाय," आणि रांजणाकडे हात धुवायला गेले.

मी पाहिलं. गाडी खरंच खाली होती. चारी चाकं जमिनीवर. जॅक बाजूला. मी मागचे दगड काढले, आत बसलो, गाडी सुरू केली आणि पुढे सोडली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकललेला असतो. त्यामुळे पहिल्यांदा दहा-बारा वेळा पेडल दाबून तो पुढे आणावा लागतो. तोवर पेडल रिकामं जातं. रिकामं, म्हणजे हिंदीत खाली. 'खाली' शब्दाचा मराठीत एक अर्थ, हिंदीत दुसरा, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. फळ्यावर दोन रकाने करून शिकवतो. परीक्षेतही विचारतो.

उतारावर मी ब्रेक दाबला आणि पाय जमिनीपर्यंत गेला. हवेत पाय पडावा तसा. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. गल्लीच्या टोकाला भिंत होती आणि भिंतीला लागून जिनिंगच्या टाकाऊ कापसाची पोती रचलेली होती. गाडी त्या पोत्यांमध्ये गेली. धप्प असा आवाज झाला, फारसा नाही. थोडा कापूस काचेवर आला.

काकाजी हात पुसत आले. घाईनं नाही.

"लागलं?"

"नाही."

"मंग दाबा आता. दहा बार. मोजून."

मी मोजून दाबलं. सातव्या खेपेला पेडल पायाला लागलं. दहाव्याला दगडासारखं झालं. मी गाडी मागे घेतली तेव्हा पाहिलं, पोत्यांवर आधीचेही बंपरचे डाग होते. काळे, पांढरे, एक निळा.

"काकाजी, ही पोती इथे..."

"ठेवाच लागते. हिंदीवाले थांबतेत. मराठीवाले पोत्यात जातेत."

"मग मराठीत सांगा ना. रिकामं आहे म्हणा."

"डेपोत पयल्यापासून हाच शब्द हाय," ते म्हणाले. "आन पोत्यात जाऊन आलेला माणूस जलमभर पयले पेडल दाबून पाह्यते, मंग गाडी हलवते. सांगून कोनी नाई दाबत." मग चष्मा नीट करत विचारलं, "तुमी शाळेत काय शिकवता, गुरुजी?"

"हिंदी," मी म्हटलं.

ते हात धुवायला गेले.

परत आले ते मॅट घेऊन. ते त्यांनी गुंडाळून वर्तमानपत्रात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "हे ताईले दाखवा. तुमी काई बोलू नका."

मॅट काखेत घेऊन मी पांढुर्ण्याच्या बाजारातून चालत बायकोच्या ऑफिसात गेलो. दारावरचा शिपाई म्हणाला, "आवेदन दोन प्रतींमध्ये लागते सर." आत बायको टपालाच्या टेबलावर बसलेली, पुढ्यात पत्रांचा ढीग. मी पुडकं तिच्यासमोर ठेवलं. बाजूच्या टेबलावरची बाई मान वर करून म्हणाली, "हे आवकमध्ये घ्यायचं का जावकमध्ये, वहिनी?"

बायकोनं कागद सोडला. मॅट उलगडलं. आधी तिला समजलं नाही हे काय आहे. मग समजलं. तिनं ते थोडं वर धरलं. त्या भोकात बोट घातलं, आरपार. रेघा गेलेल्या जागेवरून हात फिरवला. मी काही बोललो नाही, कारण तसं बजावलेलं होतं.

"हे कोणी काढलं?"

"काकाजींनी."

"गाडी नाही पाहिली त्यांनी?"

"आधी हे पाहिलं."

तिनं मॅटची पुन्हा गुंडाळी केली आणि टेबलाच्या खाली, पायाशी ठेवली. शिक्का उचलला, पुढच्या पत्रावर मारला. "पाच वाजता येते," म्हणाली. "तुम्ही बाहेर थांबा. इथे गर्दी नका करू."

पाचनंतर आम्ही दोघं शेडवर गेलो. काकाजींनी तिच्याकडे बघून हात जोडले, तिच्या हातातलं मॅट घेतलं आणि पुन्हा तिच्या सीटपुढे नीट अंथरलं. तिला पुढे बसवलं, मला चालवायला, आणि स्वतः मागच्या सीटवर मधोमध बसून दोन सीटांच्या मधून वाकले. मी निघण्याआधी पेडल दाबून पाहिलं. "हं," मागून आवाज आला.

सौंसरच्या रस्त्याला गाव मागे पडल्यावर म्हणाले, "आता वेग घ्या आन हळू दाबा. जोरानं नाई. नव्या पॅडची आन नव्या डिस्कची ओळख व्हाची हाय. सात-आठ दिवस जपून."

मी दाबलं. गाडी थांबली, आवाज नाही. इतक्या महिन्यांनी मला टायरखालची खडी ऐकू आली. मी आरशात पाहिलं, तर काकाजी रस्त्याकडे बघतच नव्हते. खाली, बायकोच्या पायाकडे बघत होते.

"दाबला," ते म्हणाले.

बायकोनं साडी पायावर ओढून घेतली.

"ताई, पाय झाकू नका. मले दिसून नाई राहिला."

"काकाजी, रस्त्यावर बघा ना तुम्ही," ती म्हणाली.

"रस्त्यावर पाह्याले गुरुजी हायेत. तुमच्यावर कोनीच नोतं."

पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. "दाबला." पुन्हा. "दाबला." असं आठ-दहा वेळा झालं. एका बाजूला संत्र्याच्या बागा, दुसरीकडे कापूस वेचून झालेली पऱ्हाटीची वावरं, आणि मधे आमची गाडी थांबत-निघत चाललेली. मागून येणारा मोटरसायकलवाला ओलांडताना आत डोकावून गेला. शेवटी बायकोच म्हणाली, "काकाजी, ब्रेक चांगले लागून राहिले. मला समजते. पण पाय ऐकत नाही."

"नाई ऐकणार," काकाजी म्हणाले. "डिस्क सात दिवसात बसते. पायाचं मले नाई मालूम."

त्यांना शेडवर सोडलं. त्यांनी खिडकीतून हात घालून तिच्या बाजूच्या मॅटची घडी सरळ केली. माझ्याकडे बघून म्हणाले, "रेडिओ कसा हाय तुमचा?" मी चपापलो. रेडिओचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. म्हटलं, "चांगला आहे." म्हणाले, "हं."

बायको दुसऱ्या दिवसापासून गाडीत बसायला लागली. रेडिओला मी हात लावत नाही. लावायला हरकत नसावी, पण हात जात नाही. मॅटचा नवा संच आणला होता, चार मॅटांचा. तीन घातले. चौथं डिकीत पडून आहे. तिनंच काढून ठेवलं.

त्यानंतर मी काकाजींकडे तीन-चारदा गेलो असेन. दर वेळी त्यांनी मॅट काढून बघितलं आणि "त्या आल्या नाई?" असं विचारलं. यंदा उन्हाळ्यात, शाळा सुटायच्या आठवड्यात, बायकोला म्हटलं, चल, काकाजींना दाखवून घेऊ. दोघं गेलो, तर शेडला कुलूप. समोरच्या चहावाल्यानं सांगितलं, डोळ्यानं दिसेनासं झालं, लेक येऊन लोधीखेड्याला घेऊन गेली. पोती तशीच होती. छपरावर डिस्काही तशाच. आमच्या दोन कोणत्या ते मी शोधत होतो. बायकोनं त्या बरोबर दाखवल्या, पन्हाळीजवळच्या. म्हणाली, "तुम्ही सांगितलेला काठ दिसून राहिला ना."

लोधीखेडा काही लांब नाही. सौंसरच्या पुढे थोडंच. एकदा जाऊन यायचं आहे दोघांनी. पण अपडाउन करून घरी आलं की पाय उचलत नाही, आणि रविवारी आईचं काही ना काही असतं.

गल्लीतून निघताना मी पेडल दाबून पाहिलं, मग गाडी हलवली. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी एक शेळी आडवी आली. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली. मी बायकोच्या पायाकडे पाहिलं. मागे काकाजींची जागा रिकामी होती म्हणून पाहिलं असेल. उजवा पाय त्या जुन्या भोकावर दाबलेला होता.

"अजूनही दाबतेस?" मी विचारलं.

तिनं पायाकडे बघितलं, शेळी गेली का ते बघितलं. मग म्हणाली, "दाबते ना. पण पहिले मी दाबत होती, मग तुम्ही. आता तुम्ही दाबता, मग मी. चला, आई वाट पाहत असतील."